एकटं राहिल्याच्या साठ सह्या

खोली मला मिळाली. दहा बाय बारा, मागे संडास-न्हाणी, पुढे खुर्ची चढेल असा उतार, आणि दाराला आतून कडी.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. सरकारी दप्तरात मला अशी कुठलीच खोली मिळालेली नाही, मी तिथे एक दिवसही राहिलेलो नाही, आणि गेल्या नोव्हेंबरातले पंधरा दिवस माझ्या आयुष्यात आलेच नाहीत. तेव्हा काहीच झालेलं नाही असं धरून पहिल्यापासून सांगतो.

मी राजकुमार. वरवट बकालला आमची पिठाची गिरणी आहे. अकरा वर्षांचा असताना गिरणीच्या टिनावर अडकलेला पतंग काढायला शिडीनं चढलो आणि उतरताना शिडी वापरली नाही. तेव्हापासून पाय आहेत, पण हजेरीपुरते. चाकाच्या खुर्चीत बसून मी मोबाइल दुरुस्त करतो. गावातले निम्मे फोन माझ्या टेबलावर येऊन गेलेत, त्यामुळे निम्म्या गावाच्या भानगडी मला माहीत आहेत आणि निम्मं गाव माझ्याशी फार अदबीनं बोलतं.

पण माझी स्वतःची भानगड सगळ्या गावाला माहीत आहे, ती अशी. आमचा संडास अंगणाच्या पलीकडे, दोन पायऱ्या चढून. तिथे मला बाबा उचलून नेतात. बाबा, म्हणजे शेषराव, गिरणी चालवतात. मला पोटात कळ आली की मी हाक मारतो, बाबा गिरणी बंद करतात, पट्ट्याचा फटफट आवाज थांबतो, आणि दळणाच्या रांगेतली एखादी बाई दुसरीला सांगते, "राजकुमारले लागली वाटते." पंधरा वर्षं, दिवसातून दोनदा. सुरुवातीला मी बावीस किलो भरायचो. आता गिरणीच्या काट्यावर एकसष्ट भरतो. बाबांचं वयही एकसष्ट आहे. त्यांच्या पाठीला आता आमचं हे जुळणं मान्य नाही. मला उचलताना त्यांच्या घशातून एक बारीक आवाज येतो, आणि मी तो ऐकला नाही असं दाखवतो, आणि मी ऐकलाय हे त्यांना माहीत नाही असं ते दाखवतात.

मला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. मला लागली तरी गिरणी चालू राहावी. आणि मी आत असताना दार आतून बंद असावं.

तर ऑक्टोबरात तालुक्याहून तुळशीराम साहेब फाइल घेऊन आले. जिल्ह्यात 'दिव्यांग स्वतंत्र जीवन आराखडा' बनत होता आणि आराखड्याला नमुन्यासाठी एक माणूस पाहिजे होता. बाजारओळीच्या मागे नमुन्याची खोली बांधून तयार होती. खाली ओटा, खाली बटणं, भिंतीला धरायला पाइप. पंधरा दिवस कोणाची मदत न घेता राहून दाखवायचं. जमलं तर खोली माझी.

"सहाय्यकही मिळेल," साहेब म्हणाले. "रोज चार तास. मात्र त्याआधी सहाय्यकाशिवाय राहता येतं हे सिद्ध करावं लागतं."

"अन् सिद्ध झालं की?" आईनं विचारलं. आईचं नाव शालूबाई. दळणाचे डबे एका नजरेत ओळखते, माणसंही.

"तर सहाय्यक मिळायला पात्र."

"म्हंजे ज्याले सहाय्यक लागत नाही त्यालेच सहाय्यक भेटते?"

"तसं नाही, बाई. तसं लिहिलेलं नाही."

"मंग कसं लिहेल हाय?"

साहेबांनी फाइल उघडून वाचून दाखवलं. तसंच लिहिलेलं होतं.

आईनं मला पोचवताना पुण्याला पाठवल्यासारखं सामान बांधलं. खोली घरापासून तीनशे पावलांवर होती. "पोचला की फोन कर," म्हणाली. मी पोचलो, फोन केला. ती गिरणीच्या दारात उभी राहून फोन उचलताना मला दिसत होती. "जेवला काय?" तिनं विचारलं. निघून सात मिनिटं झाली होती.

खोली पाहिली. सगळं माझ्या मापाचं. हात पुरत नाही असं एकच काही होतं, दाराची आतली कडी. टेपनं मोजली, साडेपाच फूट. मी साहेबांना दाखवली.

साहेबांनी नकाशा उलगडला. "नकाशात कडी नाही."

"नकाशा वरून पाहून काढला साहेब. वरून कडी दिसत नाही."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. त्यांना उत्तर मिळालं म्हणून बरं वाटलं. "पण चाचणी पूर्ण होईपर्यंत काही हलवायचं नाही. कडी हलली तर निष्कर्ष हलतो."

मग त्यांनी एक रजिस्टर दिलं. तारीख, घेतलेली मदत, साक्षीदारांची सही. आजूबाजूच्या दोन साक्षीदारांनी रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्यक्ष पाहून सही करायची, की अर्जदार एकटा राहतो आणि कोणाची मदत घेत नाही. एक सही जरी राहिली तर दिवस बाद.

साक्षीदार दोन ठरले. समोर वेल्डिंगचं दुकान असलेले रज्जाकचाचा, ज्यांनी माझ्या न्हाणीतले पाइप स्वतः जोडले होते. आणि शेजारच्या सत्यभामाबाई. त्यांच्या घरचे सगळे सकाळी आठला कापूस वेचायला जायचे ते सहाला परतायचे. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून त्या घरी. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या, पण ती कुठे करावी असं काही त्यानंतर आयुष्यात निघालं नव्हतं. रजिस्टर पाहून त्यांचं तोंड उजळलं.

पहिल्या संध्याकाळी त्या सही करायला आल्या त्या आंबाडीची भाजी घेऊनच. वाटी ओट्यावर ठेवली.

"काकू, हे मदत होते," मी म्हणालो.

"मदत कायची? वाटी हाय."

"तिच्यात भाजी आहे न."

"मंग रिकामी आणू काय? लाज नाही वाटन मले?"

रज्जाकचाचा निकाल द्यायला बसले. "बेटा, वाटी आली त मदत. पण वाटी भरून परत गेली त हिसाब बराबर. तू बी काही तरी टाकून दे."

मला एकच पदार्थ येतो, मुगाची खिचडी. ती वाटीत भरून दिली. चाचांनी आधी बोटभर चाखली आणि थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले.

"हिले मदत म्हणता येत नाही," म्हणाले. "हा बदला हाय."

रजिस्टरमध्ये लिहिलं: घेतलेली मदत, निरंक. सत्यभामाबाईंनी सही केली. त्यांची सही म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. 'स' काढला की त्या पेन ठेवतात, पाणी पितात, आणि 'त्य'च्या तयारीला लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी न्हाणीत होतो. न्हाणीला दार नव्हतं, पडदा होता, कारण दार खुर्चीच्या आड येतं. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. ते उघडल्याचा आवाज आला.

"काकू, मी आंघोळ करून राह्यलो."

"कर न बापा. मी पाहाले आली."

"काय पाहाले?"

"प्रत्यक्ष पाहून, असं लिहेल हाय न. मी तिकडं तोंड करते. पण मंग पाह्यलं असं लिहू कशी? खोटी सही नाही करत मी."

त्या प्रामाणिक होत्या, हीच अडचण. शेवटी ठरलं की त्या भिंतीकडे पाहतील आणि मी अंगावर तांब्या ओतताना मोठ्यानं मोजेन. चौदा तांबे. निरंक.

मग गावात चर्चा झाली की सत्यभामाबाई एखाद दिवशी आजारी पडल्या तर पोट्ट्याची खोली जाईल. म्हणून राखीव साक्षीदार नेमले गेले. मग राखिवांचे राखीव. सकाळ-संध्याकाळ येऊन ते मला एकटं राहताना पाहू लागले. घरी आलेल्याला चहा न देता पाठवणं आमच्याकडे चालत नाही, आणि चहाला दुसऱ्यानं हात लावला तर ती मदत. पाचव्या दिवशी मी एकट्यानं अकरा जणांचा चहा केला. ते अकराही जण बसून, मी एकटा कसा करतो हे पाहत होते.

"याले म्हणतात आपल्या पायावर उभं राहनं," कोणीतरी म्हणालं, आणि माझ्याकडे पाहून पटकन बशीत तोंड घातलं.

सहाव्या दिवशी साहेबांचा फोन आला. "कसं काय, राजकुमार? एकटेपणाचा त्रास?"

"साहेब, बसायला जागा नाही."

ते सहानुभूतीनं 'अच्छा' म्हणाले.

मला झोप लागेनाशी झाली होती. दार नुसतं लोटलेलं असलं की कान दाराशी जाऊन बसतात. उतारावर कुत्रं चढलं तरी मी लुंगी सावरायचो. घरी निदान मला माहीत होतं की येणार ते बाबाच. इथे पूर्ण गाव कधीही येऊ शकत होतं, आणि तेही माझ्या भल्यासाठी. संडासाला मी साक्षीदारांच्या वेळा टाळून जायचो. पोटाला वेळापत्रक कळत नाही, पण ते शिकलं. गिरणी मात्र दिवसभर न थांबता चालत होती. तिचा आवाज खोलीपर्यंत यायचा. मी तो मोजत बसायचो.

नवव्या दिवशी सकाळी, खुर्चीवरून संडासाच्या आसनावर सरकताना हात साबणावरून सटकला आणि मी मधेच पडलो. आसन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, एक पाय खाली, एक कुठे तरी. लागलं फारसं नाही. आवाज मात्र मोठा झाला.

सत्यभामाबाई सहीसाठी उतारावरच होत्या. त्यांनी पडदा बाजूला केला आणि तोंडावर हात ठेवला.

"हात लावू नका काकू," मी म्हणालो. "आज नववा दिवस आहे."

"माय माय, कपडा तरी घे अंगावर."

"टॉवेल तिकडं आहे."

"मी देल्ला त मदत होईन."

"उडत आला म्हणून लिहू."

टॉवेल उडत आला. मग रज्जाकचाचा आले, हातात वेल्डिंगचा चष्मा. मग दोन राखीव. सगळे न्हाणीच्या तोंडाशी उभे. एकाचा पाय पुढे आला की दुसरा त्याला मागे ओढायचा. त्या दहा मिनिटांत मला उचलण्याची ताकद तिथे चौघांकडे होती, आणि चौघांनी ती खिशात घालून ठेवली होती.

"बकेट पालथी घाल बे," एक जण म्हणाला.

"सांगनं मदतीत येते काय?" दुसऱ्यानं विचारलं.

चाचांनी साहेबांना फोन लावला. स्पीकरवर टाकला. "साहेब, पोट्टा पडला. तोंडानं सांगितलं त चालते काय?"

"लेखी विचारा," साहेब म्हणाले.

तेवढ्यात गिरणी बंद पडली.

मला तो आवाज थांबलेला आधी ऐकू आला. कोणीतरी धावत जाऊन सांगितलं होतं. दोन मिनिटांत बाबा दारात. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. लोक बाजूला झाले. बाबा सरळ आले, वाकले, आणि त्यांचे दोन्ही हात पुढे आले. ते त्यांनी आणले नव्हते. पंधरा वर्षांची सवय, हात आपले आपण आले.

"बाबा," मी म्हणालो.

ते तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं, चोर पकडल्यासारखं.

त्यानंतर चाळीस मिनिटं लागली. मी बादली ओढली, पालथी घातली. कोपर तिच्यावर टेकवलं. चाचांनी जोडलेला पाइप धरला. पहिल्यांदा बादली सरकली. दुसऱ्यांदा पाइप ओला. तिसऱ्यांदा अर्धा वर आलो आणि गुडघा अडकला, आणि मागे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तो मात्र मी मदत म्हणून धरला नाही. सत्यभामाबाई पदरात तोंड घालून रडत होत्या आणि मधून मधून डोळा बाहेर काढून पाहत होत्या, कारण सही करायची होती. चौथ्यांदा मी आसनावर बसलो.

पडदा मीच ओढला.

पडद्याआडून बाबांचा आवाज आला. "दळन पडलं हाय," म्हणाले. आणि गेले. थोड्या वेळानं फटफट सुरू झाली. मी तिथेच बसून ऐकली. डोळ्यांत साबण गेला होता.

"काय लिहू?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"निरंक."

त्या दिवशी त्यांची सही पाऊण तास चालली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळच्या सह्या झाल्यावर तुळशीराम साहेब आले. सह्या मोजल्या. दोन साक्षीदार, दोन वेळ, पंधरा दिवस. साठ. एकही गाळलेली नाही. साहेबांनी माझा हात हातात घेऊन हलवला. सत्यभामाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. बाबा दाराशी उभे होते, आई त्यांच्या मागे. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, आणि मग, कुठून दुर्बुद्धी झाली माहीत नाही, त्यांनी रजिस्टर वाचलं.

"या सह्या प्रत्यक्ष येऊन केल्या?"

"हाव," चाचा म्हणाले. "दोन टाइम. एक दिवस चुकला नाही."

"म्हणजे रोज दोन वेळा इथे दोन माणसं होती."

"दोन कायची, दहा-बारा," सत्यभामाबाई अभिमानानं म्हणाल्या.

साहेबांनी टोपण परत लावलं. "मग अर्जदार एकटा राहिलाच नाही."

बाहेर चाचांच्या दुकानात रेडिओ चालू होता.

"साहेब, तुमीच त म्हणले प्रत्यक्ष पाहा म्हणून," चाचा म्हणाले.

"पाहा म्हटलं होतं. हजर राहा असं नव्हतं म्हटलं."

"हजर न राहता पाहाचं कसं?"

साहेबांनी फाइल उलटी-पालटी केली. "ते आराखड्यात नाही."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पास लिहिलं तर वरचे विचारणार, साठ सह्यांची माणसं तिथे काय करत होती. नापास लिहिलं तर विचारणार, मग खोली कशाला बांधली. त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्याच पेनानं एक पत्र लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'सबब, सदर चाचणी झालीच नाही असे समजण्यात यावे.' खाली सही, शिक्का. मग हात पुढे केला.

"चावी."

बाबांनी खुर्चीच्या मुठी धरल्या. घरी न्यायच्या तयारीनं. त्यांच्या घशातला तो आवाज मला अजून झाला नव्हता तरी ऐकू आला.

"कोणती चावी, साहेब?" मी विचारलं.

"खोलीची."

"ती मला कधी दिली?"

"चाचणीच्या पहिल्या दिवशी."

"चाचणी झाली का?"

साहेबांनी स्वतःच्या पत्राकडे पाहिलं. शाई वाळली होती. "नाही."

"मग चावी दिली का?"

मी चहा ठेवला. साहेबांनी तो पूर्ण प्यायला, बशीतला सांडलेलाही. "दिलेली दिसत नाही," शेवटी म्हणाले. "कागदावर खोली बंद आहे. तुम्ही इथे राहत नाही, हे लक्षात ठेवा."

"ठेवतो."

"सहाय्यक मिळणार नाही. न राहणाऱ्याला देता येत नाही."

"बरोबर आहे."

जाताना ते दारात थांबले आणि आतल्या कडीकडे मान वर करून पाहिलं. मग रज्जाकचाचांकडे पाहिलं, ज्यांच्या हातात तोवर ड्रिल आलं होतं. "बंद खोलीत काय चालतं ते मला दिसत नाही," साहेब म्हणाले, आणि उतारावरून खाली गेले. पायऱ्या नाहीत हे विसरून त्यांनी दोनदा पाय उगाच उचलला.

कडी आता अडीच फुटांवर आहे. वरची जुनी भोकं चाचांनी लांबी भरून बुजवली.

म्हणून मी निवांत आहे असं समजू नका. बाहेर मोटरसायकल थांबली की मी दिवा घालवतो. कोणी विचारलं की मी कोण, तर सांगतो की मोबाइल दुरुस्तीसाठी आलोय. पहिल्या दिवशी कडी लावून आत गेलो, तेव्हाही अर्धं लक्ष बाहेर होतं. आसनावर नीट बसलो, पाइप धरला. गिरणी चालू होती. तेवढ्यात दार वाजलं.

"काऊन रे, आतून लावली?"

"हाव, काकू."

"कायले?"

"लागते म्हणून."

मग वाटी उतारावर ठेवल्याचा आवाज.

"काकू, सह्या संपल्या आता."

"मले माहीत हाय." गुडघे कडकडल्याचा आवाज आला, त्या खाली बसल्या. "तू कर तुह्यं. घरी कोणी नाही माह्या, सारे वावरात गेले. मी बसते इथंच."

गिरणी चालूच होती. मी खूप वेळ बसलो, गरज नसताना. मग हात धुऊन हा अर्ज लिहायला घेतला.

प्रति, संबंधित अधिकारी, जे कोणी असतील ते.

विषय: एकटे राहण्याबाबत साक्षीदार मंजूर होणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, श्रीमती सत्यभामाबाई, रा. वरवट बकाल, या कापसाच्या हंगामात रोज सकाळी आठ ते सायंकाळी सहा या वेळेत कोणाच्याही मदतीशिवाय घरी एकट्या राहतात, व त्याबाबत आजतागायत कोणीही प्रत्यक्ष पाहून सही केलेली नाही. तरी आराखड्यात योग्य ती दुरुस्ती करून त्यांना दोन साक्षीदार शासनाकडून नेमून मिळावेत, पैकी एक म्हणून प्रस्तुत अर्जदाराची, जो त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत नाही, नियुक्ती व्हावी, साक्षीची वेळ सदर खोलीची कडी आतून उघडल्यानंतरचीच ठेवण्यात यावी, आणि याबाबत आदेश होईपर्यंत आंबाडीच्या भाजीस स्थगिती देण्यात येऊ नये, ही विनंती.